घोरणं म्हणजे गाढ झोप? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. ‘आठ तास झोपूनही सकाळी अंग जड? डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत!’ खाली सात मुद्दे, मग हात जोडलेले, मग ‘दहा जणांना पाठवा’. एरवी असलं काही मी न वाचताच उडवते. हा मेसेज मात्र इस्लामपूरच्या माझ्या मामांनी वाचला आणि झोपेत श्वास थांबू नये म्हणून लावायचं मशीन त्याच रात्रीपासून बंद केलं. अकरा रात्री. मास्क आणि नळी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर टाकली होती. मामीचा फोन आला तेव्हा मला कळलं.

मामा चोपन्न वर्षांचे, साखर कारखान्यात टाइम ऑफिसला. रात्री दहाला पाठ टेकली की सकाळी सहाला उठणार, तरी नऊ वाजता टेबलावर डुलक्या. दोन वर्षं सगळे म्हणत राहिले, वय झालं, पित्त असेल, शुगर असेल. मग एकदा कोल्हापुरात सिग्नलला मोटारसायकल उभी असताना त्यांचा डोळा लागला आणि गाडीसकट आडवे झाले. गाडी थांबलेली होती म्हणून गुडघ्यावर निभावलं.

त्यामुळे मेसेजमधला तिसरा मुद्दा आधी घेते. तो असा: ‘घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे. घोरणाऱ्यास उठवू नये. हल्ली अशा लोकांना मशीन लावतात, त्याने फुफ्फुसे आळशी होतात व पुढे मशीनशिवाय श्वास घेता येत नाही.’

यातलं एकही वाक्य खरं नाही. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. कुणाचा घसा मुळातच अरुंद असतो, कुणाच्या मानेभोवती चरबी असते, उताणं झोपलं की जीभही मागे सरकते. हवेची वाट चिंचोळी झाली की आतला मऊ भाग थरथरतो, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की हवा आत जायचीच थांबते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू काही सेकंदांपुरतं जागं करतो, घसा उघडतो, माणूस घुर्र करून श्वास ओढतो आणि परत झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला किंवा फारच उथळ झाला की तो एकदा धरतात. तासाला असं ३० किंवा जास्त वेळा झालं तर आजार तीव्र समजतात. झोपेच्या तपासणीत मामांचा आकडा ४१ आला. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा. ‘मी आठ तास झोपतो’ म्हणणाऱ्या माणसाची झोप रात्रभर अशी तुटत होती.

मशीन यायच्या आधी मामी रात्री उठून बसायची आणि मोजायची. दिवाळीत मी गेले होते तेव्हा तिने मला हळूच हाक मारून आत नेलं. झिरोचा दिवा होता. मामांचं घोरणं चढत चढत गेलं आणि मधेच तुटलं. पोट वरखाली होत होतं, पण आवाज काही नाही. मामीने मनगटी घड्याळ दिव्याकडे तिरकं धरलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. सव्विसाव्या सेकंदाला मामांनी अख्खा खांदा उचलून श्वास ओढला. ‘कधी कधी पस्तिसापर्यंत जातं,’ मामी म्हणाली. आणि हा मेसेज सांगतो, घोरणाऱ्याला उठवू नका!

हे मामांचं एकट्याचं आहे असंही नाही. २००४ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष. हे लोक झोपेची तक्रार घेऊन आलेले नव्हते, नेहमीच्या तपासणीसाठी आले होते. त्यांतल्या २५० जणांची घरी झोपेची तपासणी झाली आणि त्यावरून काढलेला अंदाज असा की १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत असा बिघडतो. पाचांत एक. दिवसा पेंगही येते असे ७.५ टक्के. आपल्याच मुंबईतली, आपल्यासारखीच माणसं ही. ज्याला कुणाला फॉरवर्ड पटतो त्याने आधी हे आकडे वाचावेत.

आता मशीनने ‘फुफ्फुसं आळशी’ होण्याबद्दल. हे मशीन तुमच्यासाठी श्वास घेत नाही. ते नाकातून थोड्या दाबाने हवा सोडतं आणि त्या दाबाने घसा मिटत नाही, एवढंच. छाती तुमची तुम्हीच हलवता. मामांची फुफ्फुसं ठणठणीत आहेत, अडचण घशात आहे. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय मांडला. आज चाळीस वर्षांहून जास्त काळ जगभर लोक तो वापरताहेत. आणि मशीन काढलं की त्रास परत येतो तो सवय लागल्यामुळे येत नाही, मूळ आजार जागेवरच असतो म्हणून येतो. चष्मा काढल्यावर अक्षरं पुसट दिसली तर चष्म्याने डोळे बिघडवले असं कुणी म्हणतं का?

एक मान्य करते, मनाविरुद्ध. घोरणारा प्रत्येक जण आजारी नसतो. मास्क त्रासदायक असतो, नाक कोरडं पडतं, नाकावर वळ उठतात. मामांनी तो काढला यात निम्मा दोष त्या वळांचा आहे. वजन उतरवलं, कुशीवर झोपलं, तर काहींचा त्रास बराच कमी होतो. पण मशीन हवं की नको हे तपासणी बघून डॉक्टर ठरवतील. ग्रुपवरचा मेसेज नाही.

बाकीचे मुद्दे भराभर घेते. उत्तरेकडे डोकं केलं की रक्तातलं लोह चुंबकासारखं ओढलं जातं म्हणे. एमआरआय मशीनचं चुंबकत्व पृथ्वीच्या तीस हजार पटींहून जास्त असतं. त्यात माणूस अर्धा तास झोपून येतो आणि त्याचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. रात्री एक ते तीन यकृताची वेळ, ही चिनी परंपरेतली कल्पना आहे. यकृत चोवीस तास काम करतं. मेसेजमधलं लिंबूपाणी आवडत असेल तर खुशाल प्या, त्याने मामांचा घसा उघडणार नाही. चार वाजता उठा, हा सल्ला आधीच झोप तुटलेल्या माणसाला द्यायचा म्हणजे त्याची उरलेली झोपही काढून घ्यायची.

जायफळाचं मात्र सांगायलाच हवं. आपण दुधात जायफळ उगाळतो ते चिमूटभर. मेसेजमध्ये ‘एक मोठा चमचा पूड’ लिहिलंय. एवढ्या जायफळाने धडधड, उलट्या, भ्रम होऊ शकतो. कुणाच्या घरी हे करून बघितलं असेल तर ताबडतोब थांबवा.

मोबाइल उशाशी नको, हे बरोबर आहे. संध्याकाळी उशिरा चहा नको, हेही. पण या दोन खऱ्या गोष्टी आहेत म्हणूनच लोक उरलेल्या पाच गिळतात.

शेवटचा मुद्दा, ‘रक्त तपासण्या म्हणजे लूट’. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना अ‍ॅनिमिया निघाला. कितीही झोपलं तरी यांना थकवा येऊ शकतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, शुगर, या तपासण्या साध्या आहेत. बायका तर घोरण्याची तक्रार घेऊन सहसा जातच नाहीत, ‘अंगात त्राण नाही’ एवढंच म्हणतात. पाळी गेल्यावर अ‍ॅप्नियाचं प्रमाण त्यांच्यातही वाढतं आणि कुणाच्या ते ध्यानातही येत नाही.

मी रविवारी इस्लामपूरला जाऊन आले. मास्कचं माप चुकलं होतं, ते बदलून घेतलं. मामांनी त्या रात्री सहा तास लावला.

मेसेज पाठवणारे आमच्या आत्याचे यजमान. त्यांना मी फोन केला आणि भांडले. शर्टाची कॉलर सतरा इंच, म्हणजे मान जाड, बीपीची गोळी चालू, आणि जेवण झाल्यावर टीव्हीसमोर पेंगतात, हे मला माहीत होतं. आत्याला विचारलं, झोपेत यांचा श्वास थांबतो का गं? ती म्हणाली, ‘थांबतो, पण परत येतो की.’ गुरुवारी त्या दोघांना घेऊन सांगलीला डॉक्टरांकडे जातेय. आत्याला सांगितलंय, तोवर एका रात्रीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेव.