गुडघ्याचं ऑपरेशन आणि लेकीचं फील्ड पोस्टिंग

काल डॉक्टर म्हणाले काकू आता गुडघा लांबवू नका, मी म्हटलं दोन वर्षं तरी जमणार नाही, लेकीचं फील्ड पोस्टिंग आलंय. ते बघतच राहिले, बहुतेक त्यांना वाटलं लेक शेती करते.

लेक फौजेत मेजर आहे, सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश-दळणवळण सांभाळणाऱ्या शाखेत. जावईपण फौजेतच. नवराबायकोला एका स्टेशनला ठेवायचा प्रयत्न करतात म्हणे, पण तो प्रयत्नच, फील्ड, म्हणजे कुटुंब बरोबर नेता येत नाही अशी सीमेकडची नेमणूक आली की ती एका टोकाला आणि तो दुसऱ्या, आणि नात इथे साताऱ्याला माझ्याकडे. सहा वर्षांची पोर आणि ही तिची तिसरी शाळा. रोज सकाळी युनिफॉर्म घालताना बेल्टचं बकल पुढे करते, आज्जी आईसारखं चमकव, ब्रासो लाव. अगं ते प्लास्टिकचं आहे म्हटलं तरी ऐकत नाही, मग मी घासल्यासारखं करते.

आता मुद्द्याचं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात बायकांच्या पर्मनंट कमिशनची, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत फौजेत राहता येण्याची केस चालली तेव्हा सरकारकडून काय मांडलं होतं आठवतंय का? बाळंतपण, मुलं, घरच्या जबाबदाऱ्या, त्यामुळे बायकांना फौजेतली नोकरी जड जाते. कोर्टाने ते मान्य केलं नाही, १७ फेब्रुवारीला निकाल बायकांच्या बाजूने लागला. त्याआधी शॉर्ट सर्व्हिसवाल्या, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच घेतलेल्या पोरी १४ वर्षं झिजून घरी यायच्या आणि पेन्शन शून्य, कारण पेन्शनला २० वर्षं लागतात. त्याच्याही आधीचं ऐका, १९८८ साली मिलिटरी नर्सिंगमधल्या एका लेफ्टनंट बाईंना लग्न केलं म्हणून काढून टाकलं होतं! ६० लाख भरपाईचा निकाल यायला २०२४ उजाडलं.

म्हणजे कायदा सुधारला, खोटं कशाला बोलू. बाळंतपणाची १८० दिवस रजा आहे, चाइल्ड केअर लीव्ह ३६० दिवस आहे, नोव्हेंबर २०२३ पासून जवान हुद्द्यावरच्या पोरींनापण अधिकाऱ्यांसारखीच रजा मंजूर झाली. पण मी पडले गणिताची मास्तरीण. ३६० दिवस अख्ख्या नोकरीत, मूल १८ चं होईपर्यंत, भागा बघू. वर्षाला २० दिवस. त्यात कांजिण्या, गॅदरिंग, दातदुखी सगळं बसवा, आणि तीपण हक्काची नाही हं, वरून मंजुरी मिळाली तर.

मग उरलेले ३४५ दिवस कोण बघतं? आज्जी. नाहीतर सासूबाई. लेकीच्या ओळखीतली एक चांगली ऑफिसर अशीच सोडून आली, तिच्या आईला पॅरालिसिस झाला आणि पोराला ठेवायला कुणी उरलं नाही. कागदावर मात्र 'वैयक्तिक कारण'.

आणि एक राग आहे तो बोलतेच. जावई फील्डला गेला तेव्हा आमच्या आळीत सगळे म्हणाले वा, देशसेवा. लेकीचं कळल्यावर पहिला प्रश्न, अगंबाई, मग पोरीचं काय? अहो बापालापण तीच पोर आहे ना!

मला म्हणाल तर पोस्टिंग शाळेचं वर्ष संपल्यावर काढा आणि संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारं पाळणाघर प्रत्येक स्टेशनला द्या. एवढं केलं तरी निम्म्या पोरी टिकतील असं मला वाटतं.

लेकीकडे रेंज येते रात्री साडेनऊनंतर, तोवर नात जागी राहते, फोन उशीला टेकवून. आज पावणेदहा झाले, अजून आला नाही.