दीड किलो जास्त दाखवणारा काटा

सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि काल दिवसभर ओपीडीत ती डोक्यात घोळत होती. मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं, ‘धायरी-वडगाव भागात फ्लू वाढतोय, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जपा’. त्यावर तुमचं म्हणणं, बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते, असं: एका दवाखान्याच्या वहीवरून अख्ख्या भागाचं अनुमान काढणारा माझा विद्यार्थी पहिल्याच वर्षी नापास झाला असता. नमुना यादृच्छिक (कसलीही निवड न करता घेतलेला) नाही, छेद (एकूण किती जणांपैकी, हा आकडा) माहीत नाही, एकाही पेशंटच्या घशातला स्वॅब तपासलेला नाही. पुणे महापालिकेच्या आकड्यांत रुग्ण बोटांवर मोजण्याइतके असताना ही बाई घबराट पसरवते आहे. आणि शेवटचं वाक्य, ‘लस टोचून पैसे घेणाऱ्यानेच साथ जाहीर करावी का?’

तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला दोन पेशंटच्या मधल्या वेळात मोबाइलवर उत्तर द्यायचं नव्हतं. आज रविवार आहे.

आधी कबुली देते, दोन. मी ‘फ्लू’ लिहिलं ते चूक. मी मोजते तो ‘फ्लूसारखा आजार’. ताप-खोकला घेऊन आलेल्या दहा जणांपैकी कुणाला इन्फ्लुएन्झा, म्हणजे खरा फ्लू असेल, कुणाला आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू), कुणाला कोरोना, कुणाला आणखी काही. स्टेथोस्कोपला हा फरक ऐकू येत नाही. शीर्षक बदललं आहे. दुसरी कबुली तुम्ही न विचारलेली. गेल्या वर्षी गणपतीनंतर मी ‘साथ ओसरली’ असं लिहून मोकळी झाले होते. ओसरलं काहीच नव्हतं. पाच दिवस दवाखाना बंद होता आणि विसर्जन होईपर्यंत लोक ताप अंगावर काढत होते. पुढच्या सोमवारी बाहेरच्या बाकावर बसायला जागा नव्हती.

आता वहीबद्दल. व्याख्या माझी नाही, जागतिक आरोग्य संघटनेची आहे: मोजलेला ताप ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १००.४, सोबत खोकला, आणि आजार सुरू होऊन दहा दिवसांच्या आतला. ‘अंगात कणकण आहे’, ‘काल रात्री चटका लागत होता’ हे धरायचं नाही. काउंटरवरच्या ताई केसपेपर काढतानाच काखेत थर्मामीटर लावतात आणि बसलं व्याख्येत तर रजिस्टरमध्ये रेघ ओढतात, चार उभ्या आणि पाचवी आडवी. शनिवारी रात्री मी त्या आठवड्याच्या रेघांना त्या आठवड्याच्या एकूण पेशंटनी भागते. म्हणजे छेद आहे, सर. तो धायरीच्या लोकसंख्येचा नाही, माझ्या बाकाचा आहे. पाऊस लागून राहिला की पेशंट निम्मे येतात, तेव्हा रेघाही निम्म्या होतात; गुणोत्तर मात्र तिथल्या तिथे राहतं.

माझ्या दवाखान्यातला वजनकाटा दीड किलो जास्त दाखवतो. दुरुस्त करून आणला, महिनाभरात पुन्हा तेच. तरी गरोदर बायकांचं वजन मी दर महिन्याला त्याच काट्यावर घेते. बाई मुळात पंचावन्नची की साडेत्रेपन्नची, यावर माझं फार काही अडत नाही. गेल्या महिन्यापेक्षा दोन किलो वाढली की वाढलीच नाही, हे मला हवं असतं, आणि ते तो काटा बरोबर सांगतो. वहीचंही तेच. माझ्याकडे येणारे लोक भागाचं प्रतिनिधित्व करत नाहीत, शंभर टक्के मान्य. श्रीमंत माणूस थेट मोठ्या हॉस्पिटलात जातो, बांधकामावरचा मजूर मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन कामावर जातो. पण हा तिरपेपणा या आठवड्यात जेवढा, तेवढाच पुढच्या आठवड्यातही असतो. धायरीत किती जणांना फ्लू आहे हे मी कधीच सांगू शकणार नाही. चढतोय की उतरतोय, एवढंच सांगते.

इथे तुम्ही म्हणाल, काटा मध्येच स्वतःहून बदलला तर? बरोबर, खरी दुखरी नस तीच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमकी तीच सुटली. गूगलने २००८मध्ये फ्लू मोजायचा एक प्रयोग सुरू केला होता. लोक काय शोधतात त्यावरून साथ किती पसरली याचा अंदाज. पहिली काही वर्षं वाहवा झाली. मग २०१२-१३च्या अमेरिकन हिवाळ्यात त्यांचा अंदाज तिथल्या सरकारी नोंदींच्या जवळपास दुप्पट निघाला आणि २०१५मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. बातम्यांत फ्लू आला की निरोगी माणूसही फ्लू शोधतो, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. माझ्या बाकावरही हे होतं. मार्च २०२३मध्ये टीव्हीवर ‘एच३एन२’ (फ्लूचाच एक प्रकार) सुरू झालं आणि पंधरा दिवस ओपीडी खोकल्याने भरून गेली. माणसं घाबरलेली, हातात आधीच काढलेला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचा रिपोर्ट, ‘डॉक्टर, पेशी बघा’. थर्मामीटर लावला की ९८.४. रेघ नाही. मोजलेल्या तापाशिवाय रेघ ओढायची नाही हा हट्ट त्यासाठीच आहे. घाबरलेल्या माणसाला खोकला येतो, १०१ ताप येत नाही.

आता महापालिकेचे आकडे, कारण तुमचा मुख्य भरवसा त्यांच्यावर आहे. ते खोटे नाहीत. ते वेगळ्याच गोष्टीचे आहेत.

आपल्याकडे एच१एन१साठी, म्हणजे स्वाइन फ्लूसाठी, केंद्राच्या सूचनांनुसार पेशंटचे तीन गट करतात. ‘ए’ म्हणजे साधा ताप, खोकला, घसा. घरी राहा, तपासणीची गरज नाही. ‘बी’ म्हणजे ताप जास्त, किंवा माणूस जोखमीचा: गरोदर बाई, मधुमेही, म्हातारा, लहान मूल. इथे लागलं तर ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू करायचं, पण तपासणी इथेही नाही. ‘सी’ म्हणजे धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, ओठ-नखं निळी पडणं. याला दाखल करायचं आणि याचाच स्वॅब पाठवायचा. धोरण म्हणून हे शहाणपणाचं आहे, सगळ्यांचे स्वॅब घ्यायला ना लॅब पुरतील ना पैसे. पण त्याचा अर्थ असा, की तुमच्या-माझ्या घरातल्या फ्लूला सरकारी आकड्यात शिरायलाच बंदी आहे. तो धापा टाकायला लागला तरच आत येतो.

हे तुमच्याच भाषेत मांडते. देशात २०१५ साली एच१एन१चे ४२,५९२ रुग्ण नोंदले गेले आणि २,९९० मृत्यू. भागून बघा, शेकडा सात. पुढच्या वर्षी, २०१६ला, रुग्ण फक्त १,७८६ आणि मृत्यू २६५. शेकडा जवळजवळ पंधरा. आता, एका वर्षात विषाणू दुप्पट जीवघेणा झाला असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. २०१५मध्ये बोभाटा झाला होता, स्वॅब भराभर घेतले जात होते, त्यामुळे कमी आजारीही मोजले गेले. २०१६मध्ये गाजावाजा नव्हता, मग अगदी टेकीला आलेल्यांचीच तपासणी झाली. छेद सरकला, सर. काटा मध्येच बदलला तो इथे. माझ्या वहीला नापास करताना याही उत्तरपत्रिकेवर एकदा लाल पेन फिरवा.

आणि सरकारला तरी फक्त पक्के रुग्णच हवे असतात असं कुठे आहे? २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षणात तीन तऱ्हेचे फॉर्म होते. आरोग्यसेविका नुसत्या लक्षणांवरून भरते तो ‘एस’, डॉक्टर तपासून संशयित म्हणून भरतो तो ‘पी’, आणि प्रयोगशाळेचा ‘एल’. तिन्ही लागतात. ‘एल’ पक्का, पण उशिरा येणारा आणि थोडका. ‘एस’ कच्चा, पण त्याच आठवड्यातला. माझी वही ‘एस’ आणि ‘पी’च्या मध्ये कुठेतरी आहे.

कच्च्या नोंदींना कमी लेखू नका, याला एक जुनं कारणही आहे. १० जून १९१८ला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर नेमणुकीला होता. ताप मलेरियाचा नव्हता, एवढंच कळलं होतं. मग गोदीतले आणि जहाज कंपन्यांतले लोक पडायला लागले. गावोगावी आपल्या पणज्यांनी ज्याला ‘मानमोडी’ म्हटलं तीच ही फ्लूची साथ, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एकट्या मुंबईत ती एका दिवसात शेकड्यांनी माणसं नेत होती. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रयोगशाळेत सापडला १९३३मध्ये. जे काही त्या आधी कळलं ते कोण कामावर आला नाही, कुठल्या वॉर्डात खाटा भरल्या, स्मशानात किती गेले, अशाच मोजण्यातून कळलं. स्वॅब नव्हता म्हणून नोंद ठेवायची नाही असं ठरवलं असतं तर आज आपल्याला ती साथ जूनमध्ये आली की सप्टेंबरमध्ये, हेही सांगता आलं नसतं.

वही मी सुरू केली २००९मध्ये. ३ ऑगस्टला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलगी. दुसऱ्या दिवसापासून साथीच्या रोगांच्या नायडू हॉस्पिटलपाशी रांगा, शाळा बंद, नाकाला रुमाल, रुमालावर निलगिरीचे थेंब, खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी. माझी प्रॅक्टिस तेव्हा नवी होती. प्रत्येक जण विचारायचा, ‘आपल्याकडे आलाय का हो?’ आणि मला उत्तर देता यायचं नाही, कारण त्याआधीच्या पावसाळ्यात माझ्याकडे तापाचे किती पेशंट आले होते हेच माहीत नव्हतं. नेहमीचं किती हेच माहीत नसेल तर जास्त किती हे कशावरून सांगणार? राष्ट्रीय विषाणू संस्था याच शहरात, पाषाणला आणि कॅम्पात, १९५२पासूनची. आणि मला माझ्या गल्लीचं माहीत नाही. त्या आठवड्यात एक फुलस्केप रजिस्टर आणलं.

इतक्या वर्षांच्या रेघांनी मला एक गोष्ट शिकवली, ती पुस्तकात वेगळी होती. आम्ही शिकलो तो फ्लू थंडीतला. पुण्यातला फ्लू मुख्यतः पावसातला. जूनअखेर चढायला लागतो, जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माथा गाठतो. काही वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये दुसरा उंचवटा येतो, आणि २०१५चा मोठा तडाखा त्या थंडीतलाच होता. श्रीनगरला मात्र पुस्तकातल्यासारखा हिवाळ्यातच. त्यामुळे न्यू जर्सीतला मुलगा ऑक्टोबरमध्ये फोन करून ‘आई, फ्लू शॉट घेतलास का?’ विचारतो तेव्हा त्याची माया खरी असते, पण आईचा पावसाळा तोवर संपलेला असतो. लशीत कुठले प्रकार घालायचे हे वर्षातून दोनदा ठरतं, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण आपल्या फ्लूचं वेळापत्रक सिडनीच्या थंडीला जवळचं. इथल्या ज्येष्ठांना लस पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये हवी.

यातच तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आहे. होय, मी लस ठेवते आणि पैसे घेऊन टोचते. पण लशीचं संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. साथ चढल्यावर लस विकणं म्हणजे छत्रीचं दुकान पूर आल्यावर उघडणं. धंदाच करायचा तर मी मेमध्ये ओरडेन. (मेमध्येही ओरडते, हे तुम्ही वाचलं नसावं. त्या पोस्टवर तीन प्रतिक्रिया होत्या, त्यातली एक माझ्या जावेची.)

घबराटीचं मात्र मनाला लागलं. रेघा वाढल्या की मी काय करते ते सांगते. विरंगुळा केंद्रात निरोप देते की खोकणाऱ्याने आठवडाभर कॅरमला येऊ नये. शेजारच्या शाळेच्या बाईंना सांगते, तापातल्या मुलाची हजेरी नको. गरोदर बाई किंवा दम्याचा पेशंट ताप घेऊन आला तर त्या आठवड्यांत स्वॅबची वाट न बघता ऑसेल्टामिविर सुरू करते, कारण त्याचा खरा उपयोग पहिल्या ४८ तासांत. आणि बाकीच्यांना अँटिबायोटिक देत नाही. ‘सलाईन लावा’ म्हणणाऱ्याला पाणी प्या म्हणते. यात घाबरण्यासारखं काही असेल तर ते माझं गल्ल्याचं नुकसान.

स्वॅबचा मुद्दा उरतो, आणि तिथे मी तुमच्या बाजूची आहे. सगळ्यांचे नकोत; दर आठवड्याला ठरलेल्या पद्धतीने, समजा सोमवारी आलेल्या पहिल्या तीन रेघांचे, एवढे स्वॅब तपासले गेले तरी माझ्या रेघांतल्या फ्लूचा वाटा कळेल. खासगी लॅबचा खर्च पेशंटच्या माथी मारणार नाही. एका सरकारी कचेरीत दोनदा अर्ज दिला, तो कुठल्यातरी टेबलावर असेल.

आणि एक अडचण मला खरंच सुटत नाहीये. २०२४च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनियाची मोठी साथ होती. सांधे धरून, भिंतीला टेकत लोक यायचे, ताप १०३, पण खोकला नाही, म्हणजे रेघ नाही. पण एकूण पेशंट वाढले. समजा आधी साठात सहा रेघा होत्या, त्या नव्वदात सहा झाल्या. गुणोत्तर दहावरून सातच्याही खाली आलं आणि आलेख म्हणाला, फ्लू उतरला. उतरला नव्हता, चिकुनगुनियाने छेद फुगवला. मी त्या आठवड्यांतले चिकुनगुनियाचे पेशंट छेदातून वगळून बघितले, तर मग मनाला येईल ते वगळायची मुभा मीच मला दिली असं वाटलं. मधुमेह-बीपीच्या महिन्याच्या पेशंटनाच छेद धरावं का? ते साथ असो-नसो, येतातच. की त्यांचंही पावसात काही वेगळं होतं?

सतरा रजिस्टरं आहेत, दोनांना वाळवी लागली आहे पण आकडे वाचता येतात. दवाखाना रात्री साडेआठला रिकामा होतो.