तिथेच तर राहता, एवढं करायला काय होतंय?

अभिनंदन! ऑर्लँडोला घर घेतलंत, मुलांच्या शाळा लागल्या, इंडियन स्टोअरमध्ये ताजी मेथी कुठल्या वारी येते तेही कळलं. आता फक्त एकच राहिलंय. पुणे, ठाणे, नाशिक, शिवाय न्यू जर्सी आणि डॅलस इथल्या तुमच्या सगळ्या गोतावळ्याला एव्हाना खबर लागलेली आहे की डिस्नी वर्ल्ड तुमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. झालं. यापुढे तिथल्या प्रत्येक दुकानात तुम्ही फिरणार ते दुसऱ्यासाठीच. मी सात वर्षं फिरतेय आणि गेल्या मंगळवारी जे झालं त्यानंतर वाटलं की नव्या लोकांना जरा मार्गदर्शन करावं, आपण सोसलेलं वाया जायला नको.

सगळ्यात आधी, "जाता जाता घेऊन टाक" हे वाक्य हसतमुखाने ऐकायला शिका. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लक्ष्मी रोड असतो, स्कूटर साइड स्टँडला लावली, आत गेलो, घेतलं, निघालो. त्यांना उगाच सांगत बसू नका की त्या वीस मिनिटांत आय-फोर हायवेचा ट्रॅफिक धरलेला नाही, की मॅजिक किंगडम या मुख्य पार्कच्या दारात गाडी लागतच नाही, पार्किंग तलावाच्या अलीकडे, तिथेच बॅगांची तपासणी, मग मोनोरेल नाहीतर बोट, मग गेट, आणि मग कुठे पहिलं दुकान. आवारच मुळी साधारण शंभर चौरस किलोमीटरचं आहे, त्यात चार वेगवेगळी पार्क, आणि हवी असलेली वस्तू कायम तुम्ही जिथे नाही त्या पार्कात. डिस्नी स्प्रिंग्सला, म्हणजे त्यांच्याच पार्काबाहेरच्या बाजारात, भलंमोठं दुकान आहे, तिकीट लागत नाही, पार्किंग फुकट, बरंचसं तिथे मिळून जातं. पण तिथलं कोणी मागत नाही. "नाही गं, ते पार्कमधलंच हवंय, मी इन्स्टावर बघितलंय."

आणि "तुझ्याकडे पास आहे ना" यालाही मान डोलवा. वर्षाचा पास आहे, हो, फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळतो त्यातला सगळ्यात स्वस्त, जो बहुतेक शनिवार-रविवार चालतच नाही. म्हणजे मधल्या वारी रजा टाकायची. रजा आपली, पेट्रोल आपलं आणि पासावर जो डिस्काउंट मिळतो तो मात्र हक्काने त्यांचा.

पोंचो घरून न्या. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ फाटतं आणि सगळं पार्क तुम्ही असाल त्याच दुकानात शिरतं.

आता खरं सांगू का, या दुकानांशी माझं काही वाकडं नाहीये. उलट इथे आले तेव्हा मला ती फार आवडायची. मॅजिक किंगडममधल्या मेन स्ट्रीटवरचं एम्पोरियम हे दुकान तर आम्ही स्थानिक लोक चक्क बोळ म्हणून वापरतो. रात्रीची आतषबाजी संपली की बाहेरच्या रस्त्यावर गणपती विसर्जनाची गर्दी, आणि ही दुकानं आतून एकमेकांना जोडलेली, तेव्हा एका टोकाला शिरायचं, एसीत चालत चालत, सॉफ्ट टॉइज बघत, मग उलटी करून किमती वाचत आणि परत ठेवत दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं. काही घ्यायचं नाही. स्थानिक असण्याची एकमेव चैन ही, की काही घ्यावं लागत नाही. टुरिस्टला शेवटच्या दिवशी घाई असते, राइड संपली की दार थेट दुकानात उघडतं आणि पोरं रडायला लागतात. आपण मात्र "पुढच्या वेळी बघू" म्हणून निघायचं, कारण पुढची वेळ खरंच असते.

असो. ही चैन विसरा.

किमतीबद्दल. भारतातल्या माणसाला एमआरपीची सवय, छापली तेवढीच द्यायची. इथे चिठ्ठीवर 34.99 असतं आणि काउंटरवर ऑरेंज काउंटीचा साडेसहा टक्के टॅक्स धरून 37.26 होतात. हे दोन डॉलर सत्तावीस सेंट तुम्ही सोडून द्यायचे असतात, हे कुठेही लिहिलेलं नसलं तरी सर्वमान्य आहे. एक काका तर अजून डॉलर 65 रुपयांनीच लावतात, मी दर सांगायला गेले तर म्हणाले, "अगं आपल्यात कसला हिशोब!" हिशोब त्यांनीच काढला होता.

हॅरी पॉटरची जादूची कांडी मागितली तर आणा. ती युनिव्हर्सलमध्ये मिळते, म्हणजे वेगळी कंपनी, वेगळं तिकीट, पण मागणाऱ्यांसाठी सगळं एकच. साठ डॉलरच्या पुढे जाते. पार्कातल्या ठरावीक जागी ती हलवली की खिडकीतलं काहीतरी हलतं. बिबवेवाडीत हलवली की काही हलत नाही, आणि मग फोन येतो की पीस डिफेक्टिव्ह आला वाटतं.

स्नो ग्लोब, म्हणजे आत खोटा बर्फ उडतो तो काचेचा गोळा, हँडबॅगेत टाकू नका. टेनिस बॉलपेक्षा मोठा असेल तर एअरपोर्टवर काढून घेतात, आत पाणी असतं.

आउटलेटमधून आणलेलं असेल तर सांगू नका. व्हाइनलँडच्या आउटलेटमध्ये पार्कातला उरलेला माल निम्म्याहून कमी भावातसुद्धा मिळतो, फक्त टी-शर्टवर गेलं वर्ष छापलेलं असतं. एकदा ठाण्याला नेला, तर पहिलं वाक्य, "मागच्या वर्षीचा दिसतोय."

लिमिटेड एडिशन काही आलं की ते तुम्हाला आधी कळणार नाही, साताऱ्याहून फॉरवर्ड येईल तेव्हा कळेल. जानेवारी 2022 मध्ये एपकॉट पार्कात जांभळ्या ड्रॅगनची पॉपकॉर्नची बादली आली होती, प्लास्टिकची बादली, तिच्यासाठी लोक कित्येक तास रांगेत उभे होते आणि लगेच ती ईबेवर कितीतरी पट भावाला दिसायला लागली. मला त्या रांगेचा व्हिडिओ चार जणांनी पाठवला. चौघांनी खाली लिहिलं होतं, "बाप रे, काय वेडी लोकं!" आणि त्याच्या खाली, "आपल्याला एक मिळेल का?"

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हिडिओ कॉल. व्हिडिओ कॉल आला की घ्यायचाच. इथे दुपारचे बारा म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ, जेवणं झालेली, बडीशेप फिरतेय, सगळं घर सोफ्यावर, करमणूक म्हणून तुम्ही. फोन हातात आडवा धरून शेल्फासमोरून हळूहळू चालायचं. "जरा डावीकडे घे, नाही तुझं डावं, हां, त्याच्या वरचा, तो नाही गं, बाहुलीच्या मागचा." मग रंग. गुलाबी की बेबी पिंक. उजेडात नेऊन दाखव. मग आजींना फोन द्यायचा, त्या म्हणणार तू किती वाळलीस. मग "साइज मोठीच घे, वाढत्या अंगाचा आहे." मग "थांब, याच्या आईला विचारते," आणि याची आई अंघोळीला गेलेली. मंगळवारी मी अशी एक तास दहा मिनिटं उभी होते. मागून स्ट्रोलरवाले "एक्स्क्यूज मी" करतायत, फोन अठरा टक्क्यांवर आलाय, बाहेर विजा कडाडतायत म्हणून सगळी जनता आत घुसलीय, ओल्या पोंचोंचा वास, आणि मी एका खांबाला टेकून मिकीच्या काळ्या टोपीचे दोन कान कॅमेऱ्यासमोर नाचवतेय. तीच टोपी, मागे पिवळ्या धाग्याने नाव भरून देतात ती. दिरांच्या चुलत मेव्हणीच्या मुलाचा वाढदिवस. नातं लिहिताना मलाच दोनदा थांबावं लागलं.

तर नाव भरायचं. मी स्पेलिंग विचारलं. लिहून मागितलं, व्हॉट्सॲपवर, मला अनुभव आहे. आलं, अर्णव, ए-आर-एन-ए-व्ही. मी काउंटरवरच्या बाईंना दाखवलं, त्यांनी परत माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, सहीसारखी टिकमार्क करायला लावली, आणि म्हणाल्या की एकदा नाव भरलं की परत घेता येत नाही. बिचारी चांगली होती, माझी लेक कंटाळून जमिनीवर बसली होती तर तिच्याशी स्वतःच्या पट्ट्यावरची एक बिल्ल्यासारखी पिन बदलली, ही पिनांची अदलाबदल 1999 पासून चालू आहे म्हणे. मशीनची सुई खालीवर व्हायला लागली, एक एक पिवळं अक्षर उमटत गेलं, शेवटचा व्ही भरून झाला, तिने कात्रीने धागा कापला, आणि माझ्या फोनवर टिंग. "अगं सॉरी हं, डबल ए. न्यूमरॉलॉजीवाल्यांनी बदलून दिलंय, मी विसरलेच."

मी फोटो पाठवला. निळी टिक आली. मग शांतता. पैसे भरून, टोपी पिशवीत घालून, भिजत बोटीच्या रांगेत उभी राहिले तेव्हा मेसेज आला.

"राहू दे मग. ॲमेझॉनवर मिळतेय, उद्या येईल."

गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आई, आज कुणाचं होतं?" डिस्नीला निघालो की ती आता हेच विचारते. आठ वर्षांची आहे, तिला वाटतं तिथे लोक दुसऱ्याच्या कामासाठीच जातात.

तर आता सरळ बोलते, आणि नव्या ऑर्लँडोकरांशी नाही, तुमच्याशी, सोफ्यावर बसलेल्यांशी. एक सुट्टीचा दिवस जातो. शंभर माणसांत आम्ही तुमच्या पसंतीची परेड काढतो, वर दोन डॉलर सोडतो, वर सामानात तेवीस किलोच्या बॅगेत आमच्या आईसाठी घेतलेली व्हिटॅमिनं काढून तुमचा मिकी भरतो, आणि तो भारतात पोचवल्यावर तुम्ही उलटा करून "मेड इन चायना" वाचून दाखवता. कुठे बनलाय ते मला माहितीये हो, मी त्याच्यासमोर तासभर उभी होते! आणायला हरकत नाही, प्रेमाने आणते, भाचरांसाठी न मागता आणलेलं आहे. पण मागता तर आधी ठरवा काय हवंय. रंग ठरवा, साइज ठरवा, मुलाचं नाव ठरवा. बाळ सहा वर्षांचं झालं, अजून नाव ठरत नाही तुमचं? आणि ॲमेझॉनवर बघायचं असतं ना, ते आधी बघायचं असतं, मी पावसात उभी असताना नाही. आणि "तिथेच तर राहतेस" हे परत म्हणू नका. तुम्ही पुण्यात राहता, मी कधी म्हटलंय का शनिवारवाड्यावर जाऊन अमुक दरवाज्याचा फोटो काढून पाठव, जरा डावीकडून?

पुढच्या मंगळवारी मी परत रजा टाकलीये. लेकीला घेऊन जाणार, एम्पोरियमच्या एका टोकाला शिरणार, दुसऱ्या टोकाला निघणार, फोन गाडीत ठेवून. टोपी माझ्या कपाटात आहे, सिंगल ए. डबल एवाली आणायला मी जाणार नाहीये.