माझा एक ‘हं’

परवा मंगळवारी दुपारी 2:30 वाजता मी रेडिओवर लागलो. नक्की सांगायचं तर एकदा लागलो. “हं” म्हणालो आणि संपलो.

13 मिनिटांचा कार्यक्रम. विषय माझा, माणूस मी शोधलेला, स्कूटरमधलं पेट्रोल माझं. आणि त्यात मी उच्चारलेलं अक्षर एक, ते अनुस्वारासकट. वहिनीला मी आठ दिवस आधीपासून बजावून ठेवलं होतं. ती पुण्यात शुक्रवार पेठेत राहते, तिथे हे स्टेशन स्वच्छ लागतं. कार्यक्रम झाल्या झाल्या तिचा फोन आला. “ऐकलं हो भावोजी. काय छान बोलल्या त्या बाई! मध्ये कुणीतरी खाकरलं, ते तुम्ही का?”

मार्चमध्ये मी बँकेतून निवृत्त झालो. एप्रिलमध्ये बायकोने माझ्या चहाच्या बशीखाली एक जाहिरात कापून ठेवली: ‘कम्युनिटी रेडिओ कार्यक्रम-निर्मिती, चार रविवार, वयाची अट नाही.’ कम्युनिटी रेडिओ म्हणजे आसपासच्या लोकांनी आसपासच्यांसाठी चालवलेलं छोटं केंद्र. मी दिवसभर घरात बोलतो, ते बोलणं दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात पांगलं तर आपल्या वाट्याला कमी येईल, असा तिचा हिशेब होता. तो मला उशिरा कळला.

वर्गात आम्ही 17 जण. रेडिओत यायचं प्रत्येकाचं कारण एकच: लोक म्हणतात माझा आवाज चांगला आहे. कोण लोक, हे कुणी कुणाला विचारलं नाही. शिकवणारी मुलगी 24 वर्षांची. तिने पहिल्या तासालाच सांगितलं की आवाज कसाही चालेल, कान तयार हवा. 17 घसे एकदम कोरडे पडले. मग तिने तेलंगणातल्या माचनूरच्या संगम रेडिओचं सांगितलं. 2008 पासून शेतात राबणाऱ्या दलित बायका तो चालवतात. “त्यांना कुणी आवाज ऐकून घेतलं नव्हतं,” असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच का, कळलं नाही. मी नुकताच उभा राहून ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणून दाखवलं होतं, एवढंच.

मग इतिहास. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. खटला मुळात क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून होता. आपल्याकडे बोलायचा हक्कसुद्धा क्रिकेटच्या निमित्ताने मिळतो. निकाल लागला, पण मालमत्ता जनतेच्या हातात यायची होती. शिक्षणसंस्थांना परवानगी 2002 च्या शेवटी, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं पहिलं केंद्र फेब्रुवारी 2004 मध्ये आणि सामाजिक संस्थांना दार उघडलं ते 2006 उजाडून मावळत आल्यावर. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, अजून व्हायचंय, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

राग आला तो बातम्यांच्या नियमाचा. या रेडिओवर स्वतःची बातमी देता येत नाही. द्यायची तर आकाशवाणीची, जशीच्या तशी. पाणी, वीज, हवामान, वाहतूक यांची माहिती मात्र चालते. म्हणजे ‘गुरुवारी पाणी येणार नाही’ हे सांगता येतं. ‘का येणार नाही’ हा विषय मी मांडला, तेव्हा मुलीला खोकला आला. यात गंमत काही नाही. टीव्हीवर रोज रात्री दहा डोकी एकमेकांवर खेकसतात ती पत्रकारिता, आणि आमच्या धायरीतला टँकरवाला कुणाकडून किती घेतो हे मी 50 वॉटच्या छोट्या केंद्रावरून बोललो तर देश बुडणार. असो. ‘असो’ म्हणायचं नाही, असंही तिने शिकवलं. रेडिओवर ‘असो’ म्हटलं की श्रोता उठून जातो म्हणे.

कार्यक्रम आखायचा तर आधी एक श्रोता डोळ्यांपुढे आणायचा. त्याचं वय, तो त्या वेळी काय करतोय, त्याचे हात कुठे आहेत, हे सगळं कार्डावर लिहायचं. हात कशाला? तर रेडिओ ऐकणाऱ्याचे हात कामात असतात. मी लिहिलं: ‘पुरुष, वय 60, आरामखुर्चीत, हात रिकामे.’ तिने वाचलं आणि म्हणाली, “सर, हे तुम्ही आहात.” पुढे संहिता. मिनिटाला साधारण 120 शब्द धरतात. माझी दोन मिनिटांची प्रस्तावना 900 शब्दांची झाली होती, आणि त्यात अजून पेशवाईच चालू होती. शेवटचा नियम सगळ्यात जाचक: मुलाखत घेताना हुंकार द्यायचा नाही. ‘हं’, ‘अच्छा’, ‘बरोबर’ सगळं बंद. नुसती मान हलवायची. पुण्यात जन्मलेल्या माणसाला समोरचा बोलत असताना नुसती मान हलवायला सांगतात!

विषय मी पानशेत घेतला. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. ज्यांनी ते पाहिलं ती माणसं आता थोडी उरली. एका मित्राने नारायण पेठेतल्या काकांचं नाव सुचवलं. “पानशेतवर त्यांच्याइतकं कुणी बोलत नाही,” तो म्हणाला. वाक्य शब्दशः खरं होतं, हे नंतर कळलं.

दारावर पाटी नव्हती. पाटीचं काम काका स्वतः करतात. दार चार बोटं उघडलं.

“आम्ही घेत नाही.”

“विकायला नाही आलो काका. रेडिओवरून आलोय. फोन केला होता.”

“पावणेअकराला येणार होतात. अकराला पाच कमी आहेत. कुठला रेडिओ?”

“कम्युनिटी रेडिओ.”

“कुठल्या कम्युनिटीचा?”

“सगळ्यांचा असतो, काका.”

“सगळ्यांचा असता तर आम्हाला आधी विचारलं असतं.” दार आणखी दोन बोटं उघडलं. “किती वॉट?”

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मी म्हटलं, ट्रान्समीटर 50 वॉटचा. काका हसले. “आमच्या न्हाणीघरात साठचा बल्ब होता.” अँटेना धरून 100 पर्यंत परवानगी असते, असं मी सांगून पाहिलं. “म्हणजे जिन्यातला,” असं म्हणून त्यांनी मला आत घेतलं.

आधी संमतिपत्र. काकांनी भिंग आणलं, लाल पेन आणलं. “ध्वनीमुद्रण? नी दीर्घ? समास आहे हा, ऱ्हस्व पाहिजे. आणि मथळ्यातच ‘संमतीपत्र’? ज्यांना संमती लिहिता येत नाही त्यांना ती द्यायची कशी?” एका पानात पाच चुका निघाल्या. शेवटी सही केली आणि खाली तळटीप लिहिली: ‘मजकुराशी सहमत, शुद्धलेखनाशी नाही.’

मग पंखा. त्याची घरघर माइकमध्ये येते, बंद करता येईल का, असं मी विचारलं.

“हा पंखा 1974 पासून चालू आहे. बंद केला आणि पुन्हा लागला नाही तर? रेडिओ हमी देणार?”

पंखा राहिला. फ्रीज तरी बंद करू म्हटलं. यात आमच्या शिक्षिकेची एक युक्ती आहे: फ्रीज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवायची. निघताना किल्ली लागतेच, मग फ्रीज पुन्हा सुरू करायचा राहत नाही. मी मोठ्या कौतुकाने किल्ली दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली.

“धुतली होतीत?” काकांनी विचारलं.

किल्ली धुतली. पुसली. पुन्हा ठेवली. तोवर भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीत शिरला, त्याची टेप वाजवत उभा राहिला आणि वीस मिनिटं हलला नाही. पुण्यात शांतता कुठे राहते, हे शोधायला वेगळा कार्यक्रम करावा लागेल.

टेम्पो गेल्यावर मी माइक पुढे धरला. तोंडापासून एक वीत, असं शिकवलेलं. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खात्यातल्या सवयीने आधी कानाला लावला. तिथून काहीच ऐकू येईना, तेव्हा ओठांना लावला. ‘प’ म्हटलं की तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माइक फुटल्यासारखा वाजतो. या विषयातला एकूण एक शब्द ‘प’चा: पानशेत, पाणी, पूर, पेठ, पूल, पर्वती. माझ्या कानांत हेडफोन. सकाळी साडेअकराला दिवाळी सुरू झाली.

पण काका बोलले, मान्य केलं पाहिजे. जवानांनी रात्रभर धरणाच्या भिंतीवर वाळूची पोती कशी रचली, लकडी पुलावरून पाणी कसं गेलं, कुठल्या वाड्याची कुठली भिंत आधी बसली. 41 मिनिटं. मी मान हलवत राहिलो, इतकी की डाव्या बाजूला लचक भरली. एकही हुंकार दिला नाही. मग मोजून ठेवलेला पहिला प्रश्न विचारला.

“काका, पाणी आलं तेव्हा तुम्ही नेमके कुठे उभे होतात?”

“मी? मिरजेला.”

पंखा घरघरत होता.

“मामाकडे होतो शिकायला. पण पुण्यात कुणालाही विचारा, पानशेतचं माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.”

“पण काका, आम्हाला पाहिलेल्या माणसाची आठवण हवी होती...”

“पाहिलेल्याला काय कळतं? तो पळत असतो.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी आवरायला घेतलं. एकच काम बाकी होतं: खोलीची 30 सेकंद शांतता भरून घ्यायची. याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि एडिटिंगमध्ये सांधे लपवायला ती लागते. काकांना सांगितलं, मी खूण करेपर्यंत कुणी बोलायचं नाही. “शांतता नेऊन करणार काय?” असं पुटपुटून ते गप्प झाले.

दहाएक सेकंद गेले असतील. स्वयंपाकघराच्या दारात काकू मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आमच्या आईने चुलीवरून भाताचं पातेलं उचललं...”

आणि मी, 41 मिनिटं दाबून धरलेला, म्हणालो, “हं.”

काकू शनिवारातल्या. तेव्हा नऊ वर्षांच्या. आईने पातेलं उचललं, झाकण घ्यायचं राहिलं. पाच भावंडं एकमेकांचे हात धरून पर्वतीकडे पळाली. वर पोचेपर्यंत पातेल्यात पावसाचं पाणी. भात अर्धा कच्चा. तोच खाल्ला, ओंजळीत घेऊन. परत आल्यावर घराची मागची भिंत नव्हती, झाकण गाळात सापडलं. “हे काय, अजून आहे,” म्हणून त्यांनी मागे हात घालून झाकण काढलं आणि ओट्यावर आपटलं. टण्ण. पुन्हा मेथी. 12 मिनिटं बोलल्या, त्यातली अर्धी मेथीच्या जुडीशी. काका अवाक्षर बोलले नाहीत. मला वाटलं गहिवरले. नंतर लक्षात आलं, मी खूण करायला विसरलो होतो.

पुढचं पटकन सांगतो, कारण पटकनच उरकण्यात आलं. स्टुडिओतल्या ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर मुलीने माझी प्रस्तावना निवडली आणि डिलीट दाबलं. काकांची 41 मिनिटं निवडली, डिलीट. माझा प्रश्न, डिलीट. झाकणाची टण्ण उचलून सुरुवातीला लावली. मी म्हटलं, निदान ते ‘हं’ तरी काढ, चूकच आहे ती. तिने पडद्यावर दाखवलं. काकूंच्या ‘उचललं’वर माझा ‘हं’ बसला होता. “दोन्ही चिकटलेत, सर. तुम्हाला काढलं तर ‘उचललं’ जातं.” एवढ्या कारणावर मी रेडिओवर आहे. श्रेयनामावलीत माझं नाव ‘वाहतूक साहाय्य’मध्ये आहे.

काकांचा फोन रोज येतो. प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, हा नियम त्यांनी शोधून काढला आहे. “जे प्रसारितच केलं नाही ते कुठे जपलंय?” असं ते मला विचारतात. मला! मी वाहतूक साहाय्य. काकूंना म्हणे दुसऱ्या भागासाठी बोलावलं आहे. त्यांना न्यायला कोण जाणार, हे विचारायची गरज नाही.

राहता राहिलं ऐकणं. एफएमची लहर नजरेसारखी सरळ जाते, मध्ये टेकडी आली की अडते. माझं घर नेमकं टेकडीच्या सावलीत, रेडिओ नुसता खरखरतो. मोबाइलवर एफएम लावायचं तर इअरफोनची वायर अँटेना म्हणून लागते, आणि माझ्या नव्या फोनला ते भोकच नाही. पासोड्या विठोबाजवळ जाऊन छोटा ट्रान्झिस्टर घेतला. दुकानदार म्हणाला, “आजोबांसाठी का?” मी हो म्हटलं.

आणि परवा भर पावसात पर्वतीच्या 103 पायऱ्या चढलो. वर आडोसा पाहून एरियल ताणली, इअरफोन घातले. टण्ण झालं. काकूंचा आवाज आला, पंख्याची घरघर आली, इतकी स्वच्छ की 1974 चा तो पंखा मला ओळखू आला. आता पातेलं उचलणार, आता मी येणार. मी श्वास धरला.

विंडचीटरवाल्या एका गृहस्थाने माझा खांदा हलवला. मी एक इअरफोन काढला.

“सुरू झाली का मॅच?”

मी नाही म्हणून इअरफोन परत घालेपर्यंत काकू पर्वतीवर पोचल्या होत्या.