क्युसेक म्हणजे किती बादल्या?

शनिवारी दुपारी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढच्या आठवड्यात काय शिकवणार त्याचा मेसेज येतो. इयत्ता तिसरी. मराठीची कविता, गणितात धारकता म्हणजे लीटर-मिलीलीटर, परिसर अभ्यासात पाणी. खाली पालकांचे वीस-पंचवीस अंगठे. त्यात माझाही असतो. मेसेज वाचलेला असतोच असं नाही.

या वेळी वाचावा लागला. चार दिवस पावसाने झोडपलं, नाशिकच्या गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग सुरू झाला आणि सगळ्या ग्रुपांवर 5000 क्युसेकचा आकडा फिरू लागला. चिरंजीव 'अर्धा लीटर = किती मिलीलीटर' सोडवत बसले होते. मान वर न करता विचारलं, "पप्पा, क्युसेक म्हणजे किती बादल्या?"

मी कॉमर्सवाला. चाळीस वर्षं नाशकात काढली, दर पावसाळ्यात हा शब्द ऐकला, पण कधी विचारायचं सुचलं नाही. शोधलं. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 1 घनफूट पाणी, साधारण 28 लीटर. आपला पाण्याचा जार 20 लीटरचा, म्हणजे सेकंदाला जवळपास दीड जार. मग 5000 क्युसेक? पोराने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला, शून्यांत दोनदा घसरला. शेवटी दोघांनी मिळून 1,40,000 लीटर काढले. 10,000 लीटरचे 14 टँकर, एका सेकंदात! तो "एक... दोन..." म्हणत टँकर मोजत घरभर फिरला. गृहपाठ अर्थातच राहिला.

तेवढ्यात आजी म्हणाली, "गंगेला पाणी आलं म्हणतात, मारुतीच्या कमरेला लागलं." आता ही दुसरी पंचाईत. पुस्तकातली गंगा उत्तरेत, आणि आमच्याकडे गोदावरीला गोदावरी म्हणतं कोण? आपण गंगेवर जातो, गंगाघाटावर भाजी घेतो. आणि पुराचं माप म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. गुडघा, कंबर, छाती, गळा. 2008 आणि 2019 च्या पुराच्या गोष्टी आजी याच मापात सांगते. त्याच्याही वर मोजायचं तर काठावरच्या नारोशंकर मंदिराची घंटा आहे आणि सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या पायऱ्या आहेत. शहराने स्वतःसाठी बनवलेली ही मोजपट्टी. ती वर्गात कोणी दाखवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. धारकता आणि पाणी हे दोन्ही धडे ज्या आठवड्यात आले, त्याच आठवड्यात नदी शाळेपासून दीड किलोमीटरवर तेच शिकवत होती. आणि मुलं वर्गात बसून 'पाणी म्हणजे ______' ही रिकामी जागा 'जीवन' लिहून भरत होती. बाईंनी बरोबरची खूण केली. आजवर त्या जागी दुसरं उत्तर कोणी लिहिलं असेल असं वाटत नाही.

बाईंना दोष देणार नाही. पालकसभेत मी हे बोललो तेव्हा त्या हसल्या. पुरात मुलांना नदीवर न्या, असं मीही म्हणत नव्हतो, पण पाणी ओसरल्यावर तरी? तर परवानगी, संमतीपत्रं, पन्नास मुलांमागे दोन शिक्षक, त्यातली एक मतदारयादीच्या कामावर. शिवाय आमच्यातलेच एक पालक उठून म्हणाले, "फिरण्यात वेळ गेला तर पोर्शन कधी संपवणार?" टाळ्या त्यांना पडल्या. पोर्शन या शब्दाचा मला राग येतो. तिसरीतल्या पोराचा कसला पोर्शन!

रविवारी पाणी उतरल्यावर आम्ही दोघंच गेलो. पायऱ्यांवर गाळ, मारुतीच्या अंगावर पाण्याची ओली रेघ. पोराने ती आपल्या उंचीशी ताडून पाहिली आणि गप्प झाला. फुलं विकणाऱ्या एक मावशी टपरी धूत होत्या. त्याने विचारलं, "तुम्हाला पाणी येणार ते कसं कळतं?" त्या म्हणाल्या, "मारुतीच्या पावलाला लागलं की आम्ही सामान उचलतो. गुडघ्याला लागेपर्यंत थांबलं तर टपरीच जाते." क्युसेक त्यांना माहीत नव्हता. पोराने सांगितला, टँकरांसकट. मावशींनी ऐकून घेतलं आणि त्याच्या हातात एक शेवंती ठेवली.

आता पुढच्या आठवड्याचा मेसेज आलाय. परिसर अभ्यास: दिशा. गोदावरी पूर्वेकडे वाहते, हे पोराला पाठ आहे. पण रामकुंडापाशी ती दक्षिणेकडे वळते, ते त्याने रविवारी मोबाईलच्या होकायंत्रावर पाहिलंय. "परीक्षेत काय लिहू?" असं सकाळपासून तीनदा विचारून झालंय. बाईंना फोन करावा की नाही, या विचारात आहे.