माउखर साहेबांच्या गोष्टीतले गाळलेले पान

आज आमच्या कंपनीत नव्या मुलांचा प्रशिक्षण वर्ग होता आणि लेखा विभागातर्फे दहा मिनिटे बोलायचे म्हणून मलाही तेथे बसावे लागले. माझ्या आधी बाहेरून बोलावलेले एक वक्ते होते. त्यांनी पडद्यावर एका वृद्ध जर्मन गृहस्थांचे छायाचित्र दाखवले आणि सांगितले की हे हेल्मुट माउखर, यांनी खेड्यातल्या दुधाच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि पुढे ते नेस्लेचे प्रमुख झाले. ते होऊ शकतात, तर तुम्ही का नाही? चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या चाळीसही जणांची नेमणूक अकरा महिन्यांची आहे हे मला ठाऊक होते, कारण त्यांच्या विद्यावेतनाच्या नोंदी मीच करते. बाराव्या महिन्याचा रकाना आमच्या तक्त्यात मुळात नाहीच. दुपारचा डबा मी तसाच परत आणला आहे आणि आता रात्री हे लिहीत बसले आहे.

दुधाच्या कारखान्याची गोष्ट मला कोणी सांगू नये, असे नाही. पण सांगायची तर पुरती सांगावी. माझे वडील, आण्णा, सांगली जिल्ह्यातील आमच्या गावच्या दूध संस्थेत सत्तावीस वर्षे फॅट काढत होते, म्हणजे दुधात स्निग्धांश किती आहे ते मोजत होते. ज्यांनी डेअरीत कधी दूध घातले नाही त्यांच्यासाठी सांगते: काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या नळीत, आधी 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग 10.75 मिली दूध, वर 1 मिली अमाईल अल्कोहोल घालायचे, रबरी बूच बसवून ती नळी फडक्यात धरून हलवायची, कारण ती हातात पेटल्यासारखी तापते, आणि मग नळ्या यंत्रात लावून हाताने गरगर फिरवायच्या. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकलाउस गर्बर नावाच्या स्विस रसायनतज्ज्ञाने शोधली, हे मला फार पुढे कळले. आण्णांना गर्बर ठाऊक नव्हता, त्याचे ॲसिड मात्र ठाऊक होते. त्यांच्या एकाही सदऱ्याची बाही धड नव्हती. मोहरीएवढी भोके पडलेली असत आणि आई ती रफू करत बसे.

माउखर यांचा जन्म 1927 चा, दक्षिण जर्मनीतील आलगॉय या दूधदुभत्याच्या प्रदेशातल्या आयझनहार्ट्स नावाच्या गावचा. वडील गावच्या दुग्धालयात होते आणि ते दुग्धालय नेस्लेचे होते. शाळा संपल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोडून पडलेल्या जर्मनीत, हा मुलगा त्याच कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. येथपर्यंत वक्त्यांनी बरोबर सांगितले. पुढचे मात्र त्यांनी एका उडीत ओलांडले, आणि माझ्या मते गोष्ट तेथेच आहे. जर्मनीतली उमेदवारी म्हणजे अकरा महिने हमाली करून घेऊन हातात कागद देणे नव्हे. तेथे मालकाने काम शिकवायचे असते, शेजारी शाळा चालू असते, शेवटी रीतसर परीक्षा असते आणि तिच्या प्रमाणपत्राला दुसऱ्या गावातही किंमत असते. कंपनीने या शिकाऊ मुलाला पुढे फ्रँकफर्टच्या कार्यालयात घेतले. नोकरी करता करता त्याने तेथील विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी मिळवली. 1975 मध्ये तो नेस्लेच्या जर्मन शाखेचा प्रमुख झाला, 1980 मध्ये स्वित्झर्लंडमधील वेवे येथील मुख्यालयात गेला आणि 1981 मध्ये साऱ्या कंपनीचा कारभार त्याच्या हाती आला. तेव्हा त्याचे वय 53 होते. म्हणजे एका कंपनीने एका माणसाला तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले, शिकू दिले, वाढू दिले. शिडी होती म्हणून तो चढला. चढण्याची धमक त्याची होती, हे मीही मान्य करते. पण शिडी काढून घेऊन पोरांना धमकेच्या गोष्टी सांगणे याला मी प्रेरणा म्हणणार नाही, दुसरा शब्द म्हणेन आणि तो येथे लिहिणार नाही.

वर्ग संपल्यावर एक मुलगा माझ्याजवळ आला. त्याने विचारले, "मॅडम, ते सर कायम कधी झाले?" बघा, चाळीस जणांमध्ये एकाला नेमका प्रश्न पडला होता. मी त्याला म्हटले की बघून सांगते. खरे उत्तर त्याच्याविषयीचे होते आणि ते देण्याचा मला अधिकार नव्हता.

माणूस कर्तबगार होता, यात वाद नाही. माउखर यांनी 1984 मध्ये अमेरिकेतील कार्नेशन ही कंपनी सुमारे 3 अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार केला. खाद्यपदार्थांच्या धंद्यात एवढा मोठा सौदा तोवर क्वचितच झाला असेल. 1988 मध्ये त्यांनी इटलीची पास्ता बनवणारी बुइटोनी घेतली आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील यॉर्क शहराची राउनट्री, म्हणजे किटकॅटवाली कंपनी, तेथील लोकांचा विरोध असताना घेतली. 1992 मध्ये फ्रान्सचे पेरिए हे बाटलीबंद पाणीही त्यांच्या खात्यात आले. आपल्या देशात मॅगी नूडल्स आल्या त्या 1983 साली, गोव्यात फोंड्याचा कारखाना उभा राहिला तो 1995 मध्ये आणि डिचोलीचा 1997 मध्ये, हे सारे त्यांच्याच कारकिर्दीत. मुख्यालयात येणारे महिन्याचे जाडजूड अहवाल बंद करून त्यांनी ते एका पानावर आणले, असे सांगतात. मी आयुष्यभर महिनाअखेरीचे अहवाल भरत आले आहे. याबद्दल त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

बाळांच्या दुधाच्या डब्यांचे प्रकरणही त्यांच्या वाट्याला आले ते वारशाने. गरीब देशांतल्या आयांना डब्याचे दूध विकण्यासाठी जी जाहिरातबाजी चालली होती तिच्याविरुद्ध अमेरिकेत 1977 पासून नेस्लेवर बहिष्कार सुरू होता आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. विरोधात मत देणारा देश एकच, अमेरिका. आधीच्या साहेबांनी टीकाकारांना शत्रू मानले होते, माउखर त्यांच्याशी बोलायला बसले आणि 1984 मध्ये बहिष्कार थांबला. चार वर्षांनी तो पुन्हा सुरू झाला, कारण बोलणे वेगळे आणि दवाखान्यांतून फुकट डबे वाटणे थांबवणे वेगळे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आपल्याकडे 1992 मध्ये त्यासाठी कायदाच झाला. बाळाच्या डब्यावर आईचे दूध सर्वोत्तम असे ठळक छापलेले असते ते त्या कायद्यामुळे. हा विषय मोठा आहे, पण आज माझा राग त्यावर नाही.

माझा राग एका शब्दावर आहे. नव्वदच्या दशकात, कारकिर्दीच्या अखेरीस, या खेड्यातून आलेल्या उमेदवाराने एका मुलाखतीत समाजातल्या काही लोकांसाठी जर्मन भाषेतला एक शब्द वापरला: वोलश्टांड्समुल. मुल म्हणजे कचरा. सुबत्तेत साचलेला कचरा. ज्यांना कामाची इच्छा नाही, जे अर्धे आजारी किंवा थकलेले आहेत आणि व्यवस्थेचा नुसता फायदा घेतात, अशा माणसांविषयी ते बोलत होते. जर्मनीत दरवर्षी भाषातज्ज्ञांची एक समिती वर्षातला सर्वांत निंद्य शब्द निवडते; 1997 चा शब्द म्हणून तिने हाच निवडला. अर्धे आजारी आणि थकलेले. दुधाच्या कारखान्यात वाढलेल्या मुलाने थकलेला माणूस पाहिला नसेल का हो?

असाच एक शब्द मी वयाच्या दहाव्या वर्षी ऐकला आहे. आमच्या गावच्या संस्थेची वार्षिक सभा देवळासमोरच्या मांडवात भरली होती. दूध संघाचे एक मोठे अधिकारी आले होते. ते शेजारच्या वस्तीवरचेच. त्यांची आई आण्णांकडे दूध घालायला येई आणि हे लहानपणी कॅनच्या झाकणावर पाटी ठेवून गणिते करत. सभेत कोणीतरी टेस्टर आणि मापाड्यांचा पगार वाढवण्याचा विषय काढला. साहेब हसून म्हणाले, "ज्यांच्यात दम होता ते गाळणीतून पुढं गेले. मागं राहतो त्याला गाळ म्हणत्यात." मांडवात हशा पिकला. आण्णा मागे खांबाला टेकून उभे होते. तेही थोडेसे हसले. ते हसणे मला आजतागायत गिळता आलेले नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे दूध घेतले, नळ्या फिरवल्या, वहीत आकडे लिहिले. मग नळावर बसून गाळण्याचे फडके धूत राहिले. ते स्वच्छ झाले होते, मला लांबूनही दिसत होते, तरी ते धूत होते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की काम टाळणारे लोक असतात आणि कोणीतरी ते बोलून दाखवायला हवे. असतात, आमच्या कचेरीतच चार दाखवीन. हेही सांगते की आमच्या त्या साहेबांच्या काळात दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी न चुकता मिळत, आणि त्यांच्या आधी मिळत नसत. माउखर यांनीही हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या असतील. पण चांगला कारभारी असणे हा माणसांना कचरा म्हणण्याचा परवाना कधीपासून झाला? वरच्या घरात जन्मलेला बोलला तर मी एक वेळ म्हणेन की त्याला काय ठाऊक. ज्याचा बाप दुग्धालयात होता त्याला हे म्हणण्याची सोय नाही.

येथवर तावातावाने लिहिले आणि मग पाणी प्यायला उठले, तेव्हा एक गोष्ट आठवली, ती लिहिली नाही तर ही सारी पोस्ट खोटी ठरेल. गेल्या महिन्यात आमच्या विभागासाठी मुलाखती झाल्या. एक मुलगी आली होती. हात थरथरत होते, जमाखर्चाचा साधा प्रश्न चुकली. तिच्या नावापुढे मी पेन्सिलीने लिहिले, "निरुपयोगी". सही केली आणि पुढची हाक मारली. मी फॅट काढणाऱ्याची मुलगी, शिष्यवृत्तीवर शिकलेली, आणि मला तो शब्द लिहायला अर्धा क्षणही लागला नाही. वरच्या खुर्चीत बसले की गाळणी आपोआप हातात येते, असे दिसते. त्यामुळे माउखर यांच्यावरचा माझा राग आता संध्याकाळइतका सरळ उरलेला नाही. शब्द वाईटच होता. पण तो कोठून येतो हे मला परके नाही.

माउखर 1997 पर्यंत कंपनीचा कारभार पाहत होते, 2000 पर्यंत अध्यक्ष होते आणि 2018 मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. वक्त्यांनी उद्या दुसऱ्या कंपनीत त्यांची गोष्ट अवश्य सांगावी. फक्त शिडीचे पान आणि त्या शब्दाचे पान गाळू नये. आणि आमच्या मनुष्यबळ विभागाने त्या मुलाला तो कायम होणार की नाही ते दहाव्या महिन्यात तरी खरे सांगावे.

रात्री जेवताना मी आण्णांना ही सारी गोष्ट सांगितली. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येते, म्हणून मोठ्याने सांगावे लागते. आयझनहार्ट्स, फ्रँकफर्ट, वेवे, अब्ज डॉलर, सगळे त्यांनी भाकरी कुस्करत शांतपणे ऐकले. तो जर्मन शब्द मी सांगितला नाही. सांगून संपल्यावर त्यांनी एकच विचारले.

"त्या गावात फॅट कोण काढायचं?"