शंभर वाक्यं पाठ करून सात हजार इंग्रजी शब्द येतात, हे चिनी विद्यार्थ्यांना सांगणं थांबवा

चिनी इंटरनेटवर कितीतरी वर्षं फिरत असलेला एक दावा आता आमच्या शिकवणाऱ्यांच्या ग्रुपवर पण परत परत फॉरवर्ड होतोय. थोडक्यात असा: शब्दांच्या याद्या फेकून द्या, शंभर मोठी इंग्रजी वाक्यं तोंडपाठ करा, त्यात सात हजार शब्द बसतात, शब्द वाक्यात भेटल्यामुळे तो कसा वापरायचा ते आपोआप कळतं, वाक्य जितकं अवघड तितका फायदा जास्त, आणि चिनी माणसाला लहानपणापासून पाठांतराची सवय, त्यामुळे त्याच्यासाठी ही पद्धत बेस्ट. मी चिनी भाषिक मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, बहुतेक सगळे नोकरी करणारे, दिवसभर राबून संध्याकाळी क्लासला बसणारे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी या शंभर वाक्यांवर महिनेच्या महिने घालवलेले असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय. उदाहरण-वाक्यांवर माझा राग नाहीये, उलट माझं सगळं शिकवणं त्यांच्यावरच उभं आहे, म्हणूनच त्यांचा असा वापर बघवत नाही.

"शंभर वाक्यांत सात हजार शब्द बसतात."

नाही बसत. वाक्य अगदी पंचवीस शब्दांचं धरा, शंभर वाक्यांचे झाले अडीच हजार शब्द. त्यात द, ऑफ, टू, दॅट, इज हे शब्द पुन्हा पुन्हा येणारच, ते वजा केले की वेगवेगळे शब्द उरतात फार तर दीड हजार. मग बाकीचे कुठून येणार? वाक्याखाली दिलेल्या याद्यांमधून, एका मूळ शब्दाचे सगळे सगेसोयरे, समानार्थी, विरुद्धार्थी, एकाच विषयावरचे, आणि हे सगळे वाक्याच्या बाहेर. म्हणजे पाठ करायची आहे ती यादीच.

"वाक्य पाठ झालं की वापर आपोआप कळतो."

हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान पण हाच करतो. एक वाक्य शब्दाचा एक वापर दाखवतं, बस. काय चालत नाही ते एकटं वाक्य कधीच सांगत नाही. माझ्याकडे एक इंजिनिअर येतात, त्यांना सजेस्ट या शब्दाचं एक लांबलचक वाक्य एका दमात म्हणता येतं, उच्चार पण स्वच्छ, आणि लगेच मी विचारलं की आज ऑफिसात काय झालं ते हाच शब्द वापरून सांगा, तर म्हणाले "माय बॉस सजेस्टेड मी टू चेंज द डिझाइन". इंग्रजीत सजेस्टनंतर असं "मी टू" चालत नाही. आता ही चूक का होते ते बघा. चिनीत "वो जिएनयी नी तंग" म्हणतात, मी सुचवतो तू थांब, सरळ माणूस आणि मग क्रिया, आणि तो साचा डोक्यात इतका पक्का असतो की पाठ केलेलं वाक्य त्याला हात पण लावू शकत नाही, कारण त्या वाक्यात या चुकीचा विषयच आलेला नसतो.

मग मी काय करते, तर तीन छोटी वाक्यं एकाखाली एक लिहायला लावते. "आय सजेस्टेड दॅट वी वेट." "आय सजेस्टेड वेटिंग." आणि तिसरं मुद्दाम शेजारच्या शब्दाचं, "आय अड्व्हाइज्ड हिम टू वेट." चिनीतला एक जिएनयी इथे दोन शब्दांत फुटतो आणि दोघांची वाक्यात बसायची तऱ्हा वेगळी, हे वाक्यं शेजारी शेजारी ठेवल्यावर माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, मला नियम सांगावाच लागत नाही. खाय या शब्दाचंही तसंच, चिनीत दार पण खाय, दिवा पण खाय, गाडी पण खाय आणि मीटिंग पण खाय, इंग्रजीत मात्र ओपन द डोअर, टर्न ऑन द लाइट, ड्राइव्ह अ कार, होल्ड अ मीटिंग. "ओपन द लाइट" ही चूक चांगली शिकलेली माणसं पण करतात, आणि ती जाते चार छोट्या वाक्यांनी, एका भारी वाक्याने नाही. आणि चिनीत उसनं घेणं पण ज्ये, देणं पण ज्ये, दिशा आजूबाजूच्या शब्दांवरून कळते. तिथे बॉरो आणि लेंड शिकवायला "कॅन आय बॉरो युअर पेन" आणि "कॅन यू लेंड मी युअर पेन" या दोन वाक्यांइतकं चांगलं काहीच नाही.

आणि हे फक्त माझ्या क्लासपुरतं नाही. स्टुअर्ट वेब या संशोधकाने 2007 मध्ये जपानी विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास आहे, एका बाजूला नुसता शब्द आणि अर्थ, दुसऱ्या बाजूला त्याच्या जोडीला एक वाक्य, आणि निकालात म्हणावा तसा फरक पडला नाही. एकुलतं एक वाक्य जादू करत नाही. पूर्व आशियातल्या विद्यार्थ्यांना नेमकी काय अडचण येते हे तर त्याच्याही कितीतरी आधी हॉर्न्बी यांना कळलं होतं. ते जपानात शिकवायचे, त्यांचा शब्दकोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला, आणि त्यात प्रत्येक क्रियापद कुठल्या साच्यात बसतं ते दिलेलं होतं. ऐंशी वर्षांपूर्वी जे कळलं होतं ते सोडून आपण शंभर वाक्यं फॉरवर्ड करतोय, याचं खरंच वाईट वाटतं.

"वाक्य जितकं अवघड तितका फायदा जास्त."

उलटं आहे. संदर्भावरून शब्द कळायचा तर आधी संदर्भ कळला पाहिजे ना. हू आणि पॉल नेशन या संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासात असं निघालं की मजकूर मदतीशिवाय नीट समजायला साधारण 98 टक्के शब्द आधीच ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांमागे एखादाच नवा. आणि ही शंभर वाक्यं मुद्दाम कशी रचलेली असतात, वीस शब्दांत पाच-सहा अनोळखी, तेही परीक्षेतले सगळ्यात कठीण. अशा वाक्यातून काही कळत नाही म्हणून नजर सरळ खालच्या चिनी भाषांतरावर जाते, तिथे अर्थ मिळतो, आणि वरचं इंग्रजी नुसता आवाज म्हणून पाठ होतं. अशी वाक्यं कोणी बोलत पण नाही, कोणी लिहीत पण नाही, त्यामुळे ती आयुष्यात परत कुठे भेटत नाहीत.

"चिनी माणसाला पाठांतर जमतं, त्याला हेच योग्य."

हे वाचलं की मला मनापासून राग येतो, कारण यात चिनी शिक्षणातली निम्मीच गोष्ट सांगितलेली असते. पाठांतर आहे, तांग राजघराण्याच्या काळातल्या जुन्या कविता मुलं लहानपणीच पाठ करतात, इंग्रजीचे धडेच्या धडे पाठ करणारी पिढी पण तिथे आहे, आणि त्यांना त्याचा उपयोग झाला, पण त्या धड्यांना गोष्ट होती, माणसं होती, एक वाक्य दुसऱ्याला धरून होतं. आणि त्याच शाळेत त्याच मुलांना पहिली-दुसरीपासून दुसरा एक अभ्यास असतो, झाओज्यू. शिक्षक शब्द देतात, मुलाने स्वतःच्या मनाने वाक्य करून आणायचं. चुकलं तर लाल पेनाने दुरुस्त होऊन परत येतं. चिनी मुलं स्वतःच्या भाषेतले शब्द याच रस्त्याने पक्के करतात! इंग्रजीची वेळ आली की मात्र त्यांना सांगायचं, तुम्ही वाक्य करू नका, दुसऱ्याने केलेलं पाठ करा. माझ्या क्लासमध्ये मी झाओज्यू हाच शब्द वापरते, सगळे लगेच ओळखतात, आणि मग प्रत्येक नव्या शब्दाला एक वाक्य स्वतःच्या घरातलं किंवा ऑफिसातलं, त्यात खरं नाव, खरी गोष्ट. ते चुकतं, आणि चुकलं की मला कळतं की नक्की कुठला चिनी साचा आड येतोय. पाठ केलेल्या वाक्यात चूक नसते म्हणून दुरुस्त करायला पण काही नसतं.

परीक्षेपुरतं बघायचं तरी तेच. चीनमधल्या विद्यापीठांची सीईटी-4 ही इंग्रजीची परीक्षा 1987 पासून चालू आहे, तिच्यात निबंध आहे, आणि 2013 च्या डिसेंबरपासून चिनीतून इंग्रजीत अख्खा परिच्छेद भाषांतर करायचा असतो, एकेक वाक्य नाही. तिथे शब्द हाताशी लागतो, नुसता ओळखीचा असून चालत नाही.

"याद्या आणि कार्डं म्हणजे वेळ वाया."

हे पण खरं नाही. शब्द दिसला की अर्थ आठवणं, इतक्या कामासाठी पुढे शब्द आणि मागे अर्थ लिहिलेली कार्डं झटपट आणि चांगली आहेत, मध्ये दिवस सोडून उजळणी केली तर फारच. वाईट आहे ती एबीसीडीप्रमाणे लावलेली यादी. अबँडन हा पहिला शब्द, तिथेच पुस्तक बंद, हे चीनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला माहितीये. यादी विषयाप्रमाणे किंवा वापराच्या प्रमाणात लावा.

तर ज्यांना कोणाला शिकवायचंय त्यांच्यासाठी, कार्डाच्या एका बाजूला शब्द, मागे चिनी अर्थ, त्याखाली चांगल्या लर्नर डिक्शनरीतली (इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशातली) दोन छोटी वाक्यं, दोन्ही वेगळ्या साच्यातली, आणि सगळ्यात खाली विद्यार्थ्याचं स्वतःचं, दुरुस्त करून दिलेलं एक. दिवसाला दहा शब्द याच्या वर जाऊ नका. ज्या शब्दाला दोन साचे नाहीतच, उदाहरणार्थ एखाद्या भाजीचं नाव, तिथे चित्र लावा आणि पुढे चला, वाक्य शोधत बसायची गरज नाही.